सर्च कमिटी बसली

या, तुमची ओळख करून देतो. ही कुलगुरू शोध समिती. जन्मनाव असं भारदस्त असलं तरी विद्यापीठाच्या आवारात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. शिपायापासून अधिष्ठात्यापर्यंत सगळे ‘सर्च कमिटी’च म्हणतात, आणि म्हणताना आवाज एक पट्टी खाली आणतात. ‘सर्च कमिटी बसली’ अशी बातमी फुटली की फायली जागच्या जागी थांबतात, जुने वैरी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करू लागतात, आणि चार-साडेचार वर्षं कुलगुरूंच्या दालनाबाहेर ताटकळत बसणारी मंडळी तिकडे फिरकेनाशी होतात.

बाई अल्पायुषी. राज्यपालांकडून पत्र निघालं की जन्माला येते आणि निवडक नावांचं पाकीट राज्यपालांच्या हाती पडलं की संपते. स्वतःचं घर नाही, टेबल नाही, शिक्का नाही. अर्ज गोळा करायला एक नोडल अधिकारी तेवढा उसना मिळतो. बैठका भरतात त्या कुठल्या तरी विश्रामगृहात किंवा भलत्याच संस्थेच्या सभागृहात. ज्या विद्यापीठासाठी हा खटाटोप, त्याचं ग्रंथालय कुठल्या दिशेला आहे हे विचारलंत तर बाई गोंधळतील. पण तेवढ्या महिन्यांत तिचा थाट बघावा! भल्याभल्या प्राचार्यांना तिच्या गाडीचा नंबर पाठ असतो.

एके काळी तिच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. १८५७ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल नेमत असे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. दोघांपैकी कुणालाही विहित नमुन्यात अर्ज करावा लागला नाही. भांडारकरांना ‘आपले पीएच.डी.नंतरचे शोधनिबंध समकक्ष-परीक्षित नियतकालिकांत आहेत का?’ असं विचारायची छाती कुणाची झाली असती? अर्थात तेव्हा कुलगुरू कोण व्हावा याचं उत्तर एका दिवाणखान्यात ठरायचं आणि तिथे आपल्यापैकी फार थोड्यांना बसायला मिळायचं, हेही विसरू नये.

बाईंचं माहेर दिल्लीकडचं. तिथल्या विद्यापीठात बाहेरच्या तिघांनी नावं सुचवायची आणि त्यांतून एक निवडायचं अशी रीत होती. कोठारी आयोगाच्या १९६४-६६ च्या अहवालात या दिल्ली वळणाची दखल आहे. पुढे राज्याराज्यांनी ते वळण आपापल्या सोयीने गिरवलं. आपल्याकडे सध्या ती महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या अकराव्या कलमात राहते.

खानदानाचा अभिमान फार. अध्यक्ष म्हणून तिला लागतो सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, नाहीतर राष्ट्रीय ख्यातीचा शास्त्रज्ञ किंवा शिक्षणातला पद्म पुरस्कारविजेता. त्याला कुलपती म्हणजे राज्यपाल नेमणार. शेजारी राज्य सरकारचा प्रधान सचिव दर्जाचा अधिकारी. तिसरा आयआयटी, आयसर, इस्रो अशा नामवंत संस्थेचा प्रमुख. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या माणसाची खुर्ची मागाहून लागली, तिची गोष्ट पुढे येईलच. यांच्यापैकी कुणाचाही त्या विद्यापीठाशी किंवा त्याच्या कॉलेजांशी संबंध असता कामा नये. गावच्या कबड्डीला पंच परगावचा आणतात, तसलाच हिशेब. पंचाला गावातली भांडणं ठाऊक नसतात म्हणून तो बरा. आणि गावातलं मैदान कुठे खचलंय हेही ठाऊक नसतं, ते जरा अडचणीचं.

तिसऱ्या सदस्याचं नाव विद्यापीठाने सुचवायचं असतं, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद यांनी एकत्र बसून. ही बैठक बघण्यासारखी असते. अभ्यासक्रमाच्या विषयाला कधी न येणारे सदस्य त्या दिवशी वेळेआधी हजर. एका गटाकडे एका आयआयटीच्या संचालकांचं नाव, दुसऱ्याकडे दुसऱ्या आयआयटीच्या. खिडकीजवळचे एक सर शेजारच्याला विचारतात, “हे आपले आहेत का?” ज्यांच्याबद्दल विचारलं ते गृहस्थ हजार-दीड हजार किलोमीटरवर कुठल्या तरी प्रयोगशाळेत असतात. आपण कुणाचे तरी झालो आहोत, याची त्या बिचाऱ्यांना गंधवार्ताही नसते.

हट्टीपणा म्हणाल तर असा, की सगळे सदस्य हजर नसतील तर बाई बसणारच नाही. तशी कायद्यातच अट आहे. न्यायमूर्तींना बुधवार सोयीचा, सचिवांचं बुधवारी अधिवेशन, संचालक बुधवारी परदेशात. जागा रिकामी व्हायच्या किमान सहा महिने आधी कामाला लाग, असं तिला कायद्याने बजावलेलं आहे. मुदत कधी संपणार हे तर नेमणुकीच्या दिवशीच ठरलेलं असतं: पाच वर्षं किंवा वयाची पासष्ट, जे आधी येईल ते. भूकंप नव्हे की अवचित यावा. तरी तारीख उजाडते आणि बाई अजून पदर सावरत असतात. मग शेजारच्या विद्यापीठाचे कुलगुरू किंवा इथलेच कुणी ‘प्रभारी’ होतात. प्रभारी माणूस मोठे निर्णय ‘नवीन सर आल्यावर’ करू म्हणतो, लहान निर्णय कुलसचिवांकडे ढकलतो आणि सत्कार तेवढे स्वतः स्वीकारतो.

नावात शोध असला तरी पायाला भिंगरी मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी तिला चांगली मोकळीक दिली आहे. जाहिरात द्या, कुणी नाव सुचवलं तर घ्या, नाहीतर स्वतः हिंडून गुणी माणूस हेरा. बाई जाहिरात देते आणि बसते. आडगावच्या कॉलेजात तीस वर्षं घालवून तिथे प्रयोगशाळा उभी करणारा आणि कुणाच्या दारात न जाणारा एखादा माणूस असतो. त्याचं दार ठोठवावं असं तिला सुचत नाही. त्यालाही अर्ज करावासा वाटत नाही, कारण कुलगुरूपद मागायचं नसतं अशी त्याची जुनी समजूत. तेव्हा ज्यांना हवंच आहे त्यांच्यातून ती निवडते. हा तिचा सगळ्यात मोठा दोष, आणि तो तिला कुणी तोंडावर सांगत नाही.

जाहिरात आली की विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याचा हंगाम सुरू होतो. बायोडेटा शंभर पानांखाली असेल तर उमेदवाराला उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. पुढे पारदर्शक प्लास्टिक, मागे निळा पुठ्ठा, मधे स्पायरल. कुणी कुणी अर्ज केला हे कुलसचिवांच्या आधी त्या झेरॉक्सवाल्याला कळतं. “सर, तुमच्या विभागप्रमुखांचं पण कालच बाइंडिंग झालं,” असं तो सहज बोलून जातो आणि सरांचा चेहरा बघण्यासारखा होतो. सोबत एक ‘व्हिजन’ जोडायचं असतं. त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, कौशल्यविकास, उद्योगांशी नातं, जागतिक मानांकन आणि शेवटी भारतीय ज्ञानपरंपरा असा ठरलेला बेत. वीस व्हिजनं एकावर एक ठेवून वरचं पान काढून टाका. कुठलं कुणाचं, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आणि व्हिजनमध्ये जे कधीच नसतं ते म्हणजे परीक्षा विभाग. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा घाट घातला. निकाल महिनोन्महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्यांनाही दोन वर्षांपूर्वी एका सर्च कमिटीनेच निवडक नावांत बसवलं होतं. तिला जाब कोण विचारणार? ती केव्हाच विसर्जित झालेली. सदस्य आपापल्या गावी. आपण निवडलेल्या माणसाचा पहिला पावसाळा कसा गेला, हे पाहायची पद्धतच तिच्या घराण्यात नाही. मला वाटतं तिला तीन वर्षांनी एकदा चहाला बोलवावं, निकालाच्या दिवशी, परीक्षा भवनाच्या पायऱ्यांवर. सरकारी खर्चाने बोलवलं तरी चालेल.

गुप्ततेचं तिला भारी वेड. अर्जदारांची नावं गुप्त, बैठकीची जागा गुप्त, कुठल्याही मार्गाने दबाव आणलात तर अपात्र. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी : ‘कुलगुरूपदासाठी वीस-पंचवीस जणांना बोलावणं’, खाली नावं, काही ठिकाणी फोटोसकट. ज्याचं नाव यादीत आहे तो म्हणतो, कुणी फोडलं कोण जाणे. ज्याचं नाही तो म्हणतो, सगळं आधीच ठरलेलं होतं. फिल्डिंग दोघांनीही लावलेली असते. एकाचा मेहुणा मंत्रालयात, दुसऱ्याचा विद्यार्थी दिल्लीत. तिसरा आपली कुणाशीच ओळख नाही असं सांगत दिवसभर ओळखीच्या माणसांना फोन करतो.

‘मुलाखत’ म्हटलेलं तिला खपत नाही. एवढ्या ज्येष्ठांची मुलाखत कशी घ्यायची? म्हणून तो ‘संवाद’. संवादासाठी जेमतेम अर्धा तास. बाहेरच्या सोफ्यावर सहा माजी-भावी प्रतिष्ठित एका रांगेत, सगळ्यांचे सूट नुकतेच इस्त्री केलेले, सगळे एकमेकांना “तुम्हीच होणार, सर” म्हणताहेत. आत गेलेला बाहेर आला की, “काय विचारलं?” आणि तो एक प्रश्न दडवून बाकीचे सांगतो. आत न्यायमूर्ती मन लावून ऐकतात, कारण ऐकायची त्यांना आयुष्यभराची सवय. संचालक विचारतात, संशोधनाला पैसा कुठून आणणार? सचिव मोबाइलवरून मान वर करतात आणि एवढंच विचारतात, “विद्यार्थी संघटनांना कसं हाताळाल?” माझ्या मते तिघांत नेमका प्रश्न त्यांचाच.

यानंतर पाकीट. कायदा म्हणतो, किमान पाच नावं द्या. त्यांच्यात डावं-उजवं करू नका, वर्णानुक्रमाने लिहा, आणि प्रत्येकजण का योग्य आहे ते सविस्तर मांडा. आपण कुणाला झुकतं माप दिलं नाही, हे सांगायला ए-बी-सी-डीसारखा साक्षीदार नाही. बाईंच्या मनात कोण आहे हे त्या पाकिटावरून ओळखता येत नाही. हं, एकाच्या वर्णनात ‘दूरदर्शी, कणखर, अनुभवसंपन्न’ आणि दुसऱ्याच्या वर्णनात ‘मनमिळाऊ’ असं असलं तर गोष्ट वेगळी. पुढे राज्यपाल पाचही जणांना भेटतात आणि एकाला निवडतात. एकही पसंत पडला नाही तर नवी यादी मागवायचाही त्यांना अधिकार आहे.

कोर्टाने मात्र बाईंचे कान अनेकदा पिळलेत. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, मुंबईच्या तेव्हाच्या कुलगुरूंची पात्रता तपासताना समितीने नीट डोकं लावलेलं नाही, पुन्हा विचार करा. म्हणजे ज्या शोधनिबंधांच्या अटीपायी इतर अर्जदारांनी रात्री जागवल्या, ती मोजताना बाईंचीच डुलकी लागली होती. २०२२ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठातली नेमणूक रद्द केली, कारण समितीची घडणच आयोगाच्या नियमांत बसत नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठाची पाळी आली. तिथल्या समितीने तर कमालच केली होती. यादी म्हणून एकच नाव पाठवलं होतं! ए-बी-सी-डी लावायला दुसरं अक्षरच नाही.

केरळ-गुजरातच्या या शिंका आपल्याकडेही ऐकू आल्या. समितीत आयोगाच्या अध्यक्षांनी नेमलेला एक सदस्य हवाच, असा नियम. आपल्या कायद्यात ती खुर्ची नव्हती. खुर्ची लावायची तर कायदा बदलायला हवा, कायदा बदलायचा तर विधिमंडळ हवं. या खटाटोपात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मे २०२२ मध्ये रिकामी झालेली जागा जून २०२३ मध्ये भरली. मुंबईची सप्टेंबर २०२२ पासून रिकामी, तीही त्याच जूनमध्ये भरली. राज्यातली दोन थोरली विद्यापीठं एका खुर्चीपायी प्रभारींच्या भरवशावर. त्या वर्षी पदवी घेतलेल्या मुलांना याचं काही वाटलं असेल असं नाही. प्राध्यापकांच्या भरतीची फाईल मात्र तेव्हा जिथे होती, तिथून ती हलवायला कुणी तयार नव्हतं.

इतकी वेळकाढू, विसराळू, मानपानाची भुकेली बाई, तरी तिला आपल्या घरी ठेवून घ्यायला सगळ्यांची धडपड. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने विधेयक मंजूर करून घेतलं. समितीने पाच नावं सरकारला द्यायची, सरकारने त्यांतली दोन राज्यपालांना, आणि राज्यपालांनी तीस दिवसांत एक निवडायचं. राजभवनातून त्याला संमती मिळाली नाही, पुढे सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते मागे घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नवा मसुदा आणला. त्यात राज्य सरकारच्या माणसाला जागाच नाही, शिवाय उद्योग आणि प्रशासनातल्या मोठ्या पदांवरच्यांनाही कुलगुरूपदाचं दार उघडं. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक खवळून उठले. एक तिला मुंबईकडे ओढतो, दुसरा दिल्लीकडे. तिच्या मनात काय आहे हे विचारायचं कुणाला सुचलेलं नाही.

पश्चिम बंगालात राज्यपाल आणि राज्य सरकार यांचं भांडण इतकं हातघाईवर आलं की जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच समिती नेमली आणि अध्यक्ष केले माजी सरन्यायाधीश उदय लळित यांना. आपल्या माणसाला कोलकात्यात निवाडा करायला बोलावलं, याचा इथे काहींना उगाच आनंद झाला. न्यायालयाने तिथेही तेच बजावलं, की नावं वर्णानुक्रमाने द्या, गुणवत्तेच्या क्रमाने नको. पसंतीचा क्रम मुख्यमंत्र्यांनी लावायचा आणि राज्यपालांकडे पाठवायचा. राज्य वेगळं, भांडण वेगळं, पण बाईंची ए-बी-सी-डी काही सुटली नाही.

बंगालचं पाहिल्यावर कळतं की बाई नसली तर काय होतं. मंत्री थेट राज्यपालांना चिठ्ठी पाठवणार, राज्यपाल थेट दुसऱ्यालाच नेमणार आणि दोघेही कोर्टात भेटणार. ही मधे बसते म्हणून दोघांनाही ‘समितीने सुचवलं’ म्हणायची सोय होते. ज्याला खरंच कुणाचा पाठिंबा नाही असा एखादा तिच्या यादीत चुकून येतो, आणि कधी कधी निवडलाही जातो. अशी उदाहरणं आहेत. थोडी आहेत, पण आहेत, आणि तीच माणसं नंतर विद्यापीठाच्या गप्पांत वर्षानुवर्षं निघतात.

पाकीट गेलं की बाई गेली. एक जण कुलगुरू होतो, त्याच्या दालनाबाहेर गुच्छांची रांग लागते. उरलेल्या चौघांचं काय होतं हे कुणी विचारत नाही, पण त्यांचंही वाईट होत नाही. ‘टॉप फाइव्हमध्ये होतो’ ही त्यांची नवी पदवी. ती बायोडेट्यात पहिल्या पानावर येते, पीएच.डी.च्या जरा वर. व्याख्यानाला गेलं की निवेदक ती आवर्जून वाचून दाखवतो. निळा पुठ्ठा चांगल्या अवस्थेत असतो, व्हिजनमध्ये विद्यापीठाचं नाव तेवढं बदलायचं असतं. गेल्या वेळी कोल्हापूर, यंदा नांदेड. झेरॉक्सवाला ओळखीचाच. “सर, परत?” तो विचारतो. सर घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, “गोंडवानाची जाहिरात येतेय म्हणे. आठ प्रती काढ, आणि ते जुनं पान दोन बदल.”